आत माणूस आहे

बुधवार, दुपार

चि. ठमीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तर सगळ्यात आधी टपकली शिंपीणबाई. प्रार्थना संध्याकाळची आणि ही भर दुपारी दारात हजर! माझे केस ओले, तुझी वहिनी अजून कामावरून यायची, आणि बाई म्हणते, "लवकर आले म्हणून चहा ठेवू नका हं." म्हणजे ठेवा! मग एकेक करत बाकीची मंडळी जमली. शेवटी सुतारदादा आला, चौकटीत वाकून. एवढा ताडमाड माणूस आणि आवाज पिपाणीसारखा. त्याने तोंड उघडलं की तुझ्या भाचीला, भिंगरीला, हसू आवरत नाही.

हे रविवारचं सांगतेय. खरी बातमी आजची आहे, पण ती आधी सांगितली तर तुला तिची गोडी कळायची नाही. जरा दम धर.

ही मंडळी दर रविवारी भिंगरीच्या पायांसाठी प्रार्थना करायला येतात, हे तुला मागे लिहिलं होतं. मंडळी आली की तुझा दादा जिन्यात जाऊन उभा राहतो. दवाखान्याचं मागचं बिल आलं तेव्हापासून त्याने देवाशी अबोला धरलाय. स्कूटर विकली, दोन-दोन पाळ्या करतो. वसुलीचा फोन वाजला की वहिनी भांडी जोरात घासायला लागते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मग मीही बहिरी होते.

बरं, प्रार्थना झाली आणि मला मिरवायची हुक्की आली. म्हटलं, "आमची पोर बघा, वय तेरा, पण नेम कसला कडक! दुपारभर पाण्याचा थेंब घेत नाही. देवासाठी!"

शिंपीणबाईने लगेच रुमाल काढला. "धन्य गं बाई, धन्य!"

भिंगरीने चाकाची खुर्ची गर्रकन वळवली. "नेम-बिम काही नाही, आजी. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. खुर्ची त्या दारातून जात नाही. आई नसली की बाबांना हाक मारावी लागते. मी आता मोठी झालेय ना!"

अगं ठमे! मागच्या महिन्यात तिला ताप भरला, लघवीची जळजळ झाली, दवाखान्यात ठेवली, ते सगळं या पाण्यापायी गं! डॉक्टर म्हणायचे, पाणी पी, आणि ती मुकाट मान हलवायची. मी मात्र चार घरी सांगत हिंडले, पोर नेम पाळते म्हणून. दातखीळ का बसली नाही माझी!

शिंपीणबाईने पिशवीतून पाकीट काढलं, सगळ्यांनी मिळून जमवलेलं. दादा जिन्यातून आत आला. म्हणाला, "पैसे नकोत. आणि प्रार्थनाही आता पुरे."

सगळे उठायला लागले. तेवढ्यात पिपाणी वाजली, "मग दार चालेल का?"

दादा म्हणाला, "काय?"

"दार. रुंद, बाहेर उघडणारं. प्रार्थनेत मी नुसता ओठ हलवतो हो, मला कुठे येतं बोलायला? दार येतं करता."

आणि त्याने खिशातून मोजायची टेप काढलीसुद्धा. वहिनी प्रार्थनेच्या शेवटाला पोचली होती, तिने पर्स खांद्याला तशीच ठेवून टेपचं दुसरं टोक धरलं. झालं, ठरलं!

सोमवारी सुतारदादा गवंड्याला घेऊन आला. भिंत फोडली, चौकट काढली. धूळ इतकी की चहासुद्धा दाताखाली करकरला. दार नाही म्हणून चादर टांगली होती. आत गेलं की गात राहायचं, असा वहिनीने हुकूम काढला. मी गायले तर शेजारीण धावत आली, कुणाला काय झालं म्हणून! भिंतीला धरायला नळी बसवली. कडी खाली, भिंगरीच्या हाताला येईल अशी. हात तिचे दणकट आहेत, काल वहिनीसमोर तिने खुर्चीवरून कमोडवर सरकायचा सराव केला.

आणि आज, ठमे, आज ती एकटी गेली! दार ओढलं आणि आतून कडी लावली! खट्ट! आम्ही तिघं बाहेर, बारशाला जमल्यासारखे. आतून पाण्याचा आवाज, मग गुणगुणणं, मग काहीच नाही. दादाला धीर निघेना. त्याने टकटक केलं.

"कोण आहे?" आतून सवाल. "आत माणूस आहे!"

दादा हसला गं. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाहेर आल्यावर पोरीने तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं आणि दहा मिनिटांत परत आत गेली. वहिनी म्हणाली, "आता ही बाहेर कधी यायची?"

मोठे डॉक्टर काय म्हणाले, असं तू दोनदा विचारलंस आणि मी शिंपीणबाईचा चहा लिहीत बसले. लिहिते. ते म्हणाले, आता पुढचं ऑपरेशन करून उपयोग नाही, पाय असेच राहतील. भिंगरीला आमच्या आधीपासून माहीत होतं. ती चालेपर्यंत गोड खाणार नाही, असा तू नवस केलायस ना? खा बाई आता. देव रागावला तर माझं नाव सांग. मी त्याच्याकडे पायच मागत बसले होते, त्याला तरी किती अवघड. आज आभार मानायला बसले तर मागायचं राहूनच गेलं.

बाहेरच्या तीन पायऱ्यांवर उतरण करायची आहे, म्हणजे पोर एकटी रस्त्यावर जाईल. सुतारदादा मजुरी घेत नाही म्हणून दादाने त्याच्या हाताखाली काम करायचं ठरवलंय, पाळी बदलून घेतलीय. काम झाल्यावर सगळे मिळून प्रार्थनेला बसणार. शेजारी खुर्च्या सांगून ठेवायला दादाच गेलाय, आणि माणसं मोजताना त्याने स्वतःलाही मोजलं. मी ऐकलं, पण बहिरीच राहिले.

मंडळी शनिवारी सकाळी कामाला येतो म्हणालीत.

तुझी,
आई