दुकान वाढवायचं आहे

४ मार्च, मंगळवार

आज माझ्या कानांनी ऐकलं. हे मॉलच्या मॅनेजरशी फोनवर बोलत होते, पाठ माझ्याकडे. "हो हो, ठरलंय माझं. याच महिन्यात दुकान वाढवायचं!"

बस्स, एवढंच. मी हातातलं बाहुल्यांचं खोकं खाली ठेवलं आणि उगाच फडकं मारत बसले.

आमच्या खेळण्यांच्या दुकानात 'बंद' हा शब्द नाही. सासूबाईंनी नवी नवरी असतानाच बजावलं होतं — दुकानदाराने 'बंद' म्हणू नये, 'वाढवलं' म्हणावं. रोज शटर ओढताना हे तेच म्हणतात, "चल, वाढवू या." पण ते वाढवणं सकाळपर्यंतचं. हे कायमचं.

५ मार्च

विचारलं नाही. विचारलं की खरं होईल, असं वाटतं.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभरात एक गिऱ्हाईक. तेही संडास कुठे आहे म्हणून विचारायला आलेलं. पूर्वी वॉचमन येणाऱ्याला सलाम ठोकायचा, आता "कुठे जायचंय?" म्हणून हटकतो! मॉलमध्ये माणूस दिसला तर संशय यावा, अशी वेळ आली.

सरकता जिना केव्हाचा बंद पडलाय. तरी पहिल्या पायरीवर माझा तोल जातोच. पायांना अजून वाटतं, तो आपल्याला वर नेईल. समोरच्या कपड्यांच्या दुकानातले पुतळे काचेमागे उघडेबोडके उभे आहेत, एकाला हात नाहीत. मी तिकडे बघायचं टाळते.

काय गर्दी असायची! आमचं लग्न नवं, मॉलही नवा. लोक नुसते गारव्याला यायचे. एकदा एक आजी जिन्यापाशी चपला हातात घेऊन उभ्या — "एवढ्या चकचकीत जिन्यावर पाय कसा देऊ रे बाबा?" ह्यांनी हाताला धरून त्यांना वर आणलं, आणि आणता आणता नातवासाठी आगगाडीसुद्धा विकली. जिभेवर साखर होती माणसाच्या. शनिवारी दोन घास खायला उसंत नसायची. आमची लेक चिमी सहा वर्षांची होईतो काउंटरखाली रिकाम्या खोक्यात झोपून जायची. आता ती सव्वीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिला यातलं काही कळवलेलं नाही.

९ मार्च, रविवार

भीती कशाची, ते एकदा लिहूनच टाकते. दुकान जाण्याची नाही — पोटापुरतं आहे आमच्याकडे. भीती ह्यांची आहे. शेजारच्या चपलावाल्या काकांनी दुकान वाढवलं, तरी रोज डबा घेऊन यायचे. आपल्याच शटरसमोर बाकावर बसायचे. मग एक दिवस आले नाहीत. झोपेत गेले, असं घरच्यांनी सांगितलं. वॉचमन वेगळंच सांगतो.

ह्यांनी तसं काही करून घेतलं तर?

११ मार्च

आज ह्यांनी एक चहा जास्तीचा मागवला आणि काकांच्या बाकावर नेऊन ठेवला. वॉचमनला विचारतात, "काका आले नाहीत का अजून?" हसत! तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. गेलेल्या माणसाला चहा कशाला? त्यांच्या मागे जायचं मनात घोळतंय म्हणूनच ना? चहा निवून गेला. मीच तो ओतून टाकला.

१२ मार्च

घरातल्या झोपेच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या.

१४ मार्च, शुक्रवार

हे खुशीत आहेत! शीळ घालतात, रोज दाढी करतात, टेप घेऊन भिंती मोजतात. रॅक विकायची असतील, असं मी धरून चालले. मला म्हणाले, "अगं, आता दम खायलाही सवड मिळणार नाही बघ." हे काय बोलणं झालं? मनाशी ठरवून टाकलेली माणसं अशीच मोकळी होतात म्हणे. मी सावलीसारखी मागे मागे. शेवटी हे वैतागले — "संडासला चाललोय, तिथेही येतेस का?" हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

१७ मार्च, सोमवार

भाजी घ्यायला थांबले आणि पोहोचायला उशीर झाला. खालीच धडाधड आवाज ऐकू आला. धावत सुटले, त्या मेल्या जिन्यावर अडखळले, गुडघा फोडून घेतला. वर बघते तो धुळीचा लोट! आमच्या आणि काकांच्या दुकानामधली भिंत अर्धी पाडलेली, गवंडी घण घेऊन उभा, आणि हे मधोमध. केसांवर चुना.

"अहो, हे काय चालवलंय?"

"अगं, दुकान वाढवतोय! तुला बोललो नव्हतो?"

वाढवतोय. म्हणजे मोठं करतोय! आणि मी इतके दिवस कुठल्या वाढवण्याला घाबरून पिठात गोळ्या पुरत होते! मी तिथेच विटांवर बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. गवंडीही हसायला लागला. मॅनेजरने म्हणे जागा भाड्याशिवाय दिली, निदान तिथे दिवे तरी लागतील म्हणून.

हसू ओसरल्यावर म्हटलं, "पण कुणासाठी वाढवायचं? इथे चिटपाखरू नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "असं काय करतेस? शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. काकाच म्हणाले ना काल, माझी बाजूही तूच घे."

गवंडी हसायचा थांबला. त्या चहाचा अर्थ मला तेव्हा कळला.

१८ मार्च

गोळ्या काढून पुन्हा फडताळात ठेवल्या. भलत्याच दाराशी राखण करत बसले होते मी. डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. चिमीला फोन केला, सगळं सांगितलं. "आई, रडू नकोस. मी निघते." हे आतून ओरडले, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, रॉंग नंबर. का तसं म्हटलं, मलाच माहीत नाही.

१९ मार्च

सकाळी मी दुकानात शिरले. हे इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरमागे उभे. मला बघून कमरेत जरासे वाकले.

"या ताई, या! काय दाखवू? मुलासाठी हवंय की मुलीसाठी?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"मुलीसाठी."

"केवढी आहे?"

मी म्हटलं, सहा वर्षांची.