सावडायच्या भाषणाचं पहिलं वाक्य

आण्णा, तुमच्या पोराला अक्कल कवा येणार ते मला सांगा. काल आईला अग्नी देऊन घरी आलो, अजून बायांचे पदर ओले होते, आणि हा सोप्यात बसून रविवारच्या सावडण्याला कोण कोण बोलणार ते ठरवत होता. सरपंच बोलणार, कारखान्याचे डायरेक्टर बोलणार, सोसायटीचा चेअरमन बोलणार, आणि शाळेतले सर एकेकाचं नाव पुकारणार. यातल्या एकानंही आईचा आवाज ऐकलेला नाही. मी म्हटलं, मीबी बोलणार हाय. तर सगळ्यांसमोर म्हणतो, "आक्का, तू काय बोलणार? तुला सुरवात तरी करता यील का? कुणाचं नाव आधी घ्याचं, कुणाचं मागनं, कळतं का तुला?" शेजारचा म्हातारा चुलता हसला आणि म्हणाला, "एकाचं नाव राहिलं तर रुसून बसत्याल, पोरी. तुझ्या बापासारखं कुणाला जमायचं न्हाई."

म्हणून हा राग तुमच्या पोरावर नाही, तुमच्यावर आहे. गावाला ही खोड तुम्ही लावली. रहिमतपूरच्या आसपास कुणी गेलं की माणसं मोटरसायकल घेऊन तुम्हाला न्यायला यायची. उसाला पाणी सोडलेलं तसंच ठेवून तुम्ही पांढरा सदरा चढवायचा आणि निघायचं. मी लहान असताना तुमच्या मागं बसून आलेली आहे, मला सगळं दिसतं अजून. राख गोळा करून झालेली असते, निवद मांडलेला असतो, माणसं कावळ्याची वाट बघत उकिडवी बसलेली असतात. तुम्ही स्मशानातल्या शेडच्या खांबाला हात लावून उभे राहता आणि काहीच बोलत नाही. खोकणारा खोकायचा थांबेपर्यंत, बायांच्या कडेवरचं पोर गप होईपर्यंत थांबता. ते तुमचं थांबणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलणार. आणि मग तुम्ही घसा खाकरून सुरू करायचात: उपस्थित आदरणीय अमुक साहेब, सन्माननीय तमुक अण्णासाहेब, माजी, आजी, पोलीस पाटलापर्यंत. मेलेल्या माणसाची पाळी येईस्तोवर माझे पाय मुंग्यांनी भरून जायचे.

तुमच्या स्वतःच्या सावडण्याला काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते. तुमच्याच हाताखाली शिकलेला गडी उठला आणि तुमच्यासारखीच नावं घ्यायला लागला. तो माजी उपसभापतींपर्यंत आला आणि कावळा शिवला. झालं. माणसं धोतरं झटकत उठली, चपला शोधायला लागली, आणि तो बिचारा हात वर करून म्हणतोय, "थांबा, आवं थांबा, आण्णांच्याबद्दल दोन शब्द राहिल्यात." कुणी थांबलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणावर बोललासा, तुमच्यावर कुणी एक वाक्य बोललं नाही. मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की घरी येऊन मी भांडी आपटली.

मलाही तुम्ही हेच शिकवलं होतं. चौथीत असताना झेंड्याच्या दिवशी माझं भाषण होतं. तुम्ही पाठ करून घेतलेली सगळी नावं गिळून मी उभी राहिले आणि म्हटलं, "आमच्या शाळेत प्यायला पाणी न्हाई." कुणीतरी टाळी वाजवली. तुम्ही मला हाताला धरून बाजूला नेलंत. "आधी मान द्याचा, मग तोंड उघडायचं. माझी इज्जत घालवलीस." त्यानंतर मी कधी उभी राहिले नाही, आणि पुढच्या वर्षी शाळाच सुटली. आईनं मात्र त्या दिवशी चुलीमागं मला ओढून तोंडात गुळाचा खडा घातला आणि हळूच म्हणाली, "चलो हेळिदी." छान बोललीस. जतकडची ती, आनंदाचं काही असलं की कन्नडच यायचं तिच्या तोंडात.

आणि तुम्ही तिचं काय केलंत? कुठलेसे पुढारी घरी आले होते. आई पदर सावरत बाहेर आली आणि त्यांनाही सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, एवढंच. पुढारी हसले. तुम्ही लाजेनं लाल झालात. "आत हो आधी. माणूस कोण, वेळ कसली, काय कळतं का तुला?" मी स्वयंपाकघरात होते. आई आत आली, कांदा चिरायला बसली, आणि तुम्ही असेपर्यंत बाहेरच्या माणसासमोर तिनं परत तोंड उघडलं नाही. दारामागून कपबशी पुढं करायची, तेवढाच तिचा हात लोकांनी पाहिला. तुम्ही गेल्यावर ती बोलायला लागली, हे तुम्हाला माहीत नाही. दूधवाला, लाईटचा माणूस, मेंढरं घेऊन जाणारा परका धनगर, सगळ्यांना तेच. मी सासरहून, कवठे महांकाळहून यायची, पिशवी खाली ठेवायच्या आत तेच. लोक थांबून उत्तर द्यायचे. एखादा उपाशी असला तर जेवून जायचा.

उद्या मी गप बसले तर तीही तुमच्यासारखीच दुसऱ्यांच्या नावाखाली जाईल. कावळा काही माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून ठरवलंय, सरांनी पहिलं नाव पुकारायच्या आत उठायचं. आणि तिथं उपाशीपोटी सावडायला आलेल्या सगळ्या माणसांना एकदम विचारायचं, "ऊट आतेन्री?" तिच्याबद्दल दुसरी कुठलीच सुरवात मला खरी वाटत नाही.

पण एक सांगते. आज सकाळी गोठ्यात बोलून बघितलं. खांबाला हात लावला, थांबले, घसा खाकरला, आणि तोंडातनं बाहेर पडलं, "उपस्थित आदरणीय." आवाजसुद्धा तुमचाच. म्हशीनं मान वळवून बघितलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठं टाकायचा नाही, उद्या मुठीत धरून उभी राहणार आहे, खांबाला मी हात लावायची नाही.

तुम्ही तिला त्या दिवशी आत घालवलंत ते बरोबर होतं का चूक, एवढं मला पाहिजे. उद्या रविवार. दिवस उगवायच्या आत सांगा. सांगितलं नाही तर चूक होतं असं धरून मी उभी राहीन.