खिळ्यावरचा नान

तोयतेपा,
१३ मे १९८०

प्रिय उकाजान तुर्गुन,

सलाम. आम्ही सगळे सुखरूप आहोत, तूही असशील. आई ठीक आहे. तुझे मेहुणे ट्रॅक्टर दुरुस्त करतायत, म्हणजे त्याला शिव्या घालतायत. शेळीला दोन करडं झाली. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, कारण माझ्या उकाजानच्या, धाकट्या भावाच्या, घरचा पत्ता मला अजून मिळालेला नाही.

रविवारी तू मला ताश्कंद दाखवलंस, त्याचे आभार मानायचे राहिले. ते आधी मानते.

रस्ता सव्वा तासाचा आहे रे. सकाळी सहाच्या बसमध्ये बसले आणि घड्याळ बघत राहिले. नऊ वर्षं तू लिहितोयस, "ओपा, यायला जमत नाही." मला वाटायचं, मधे समुद्रबिमुद्र असेल. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "कुणाकडे निघालीस पोरी?" मी म्हटलं, "भावाकडे! राजधानीत मोठा साहेब आहे!" इतक्या मोठ्याने म्हटलं की ड्रायव्हरनेही मान वळवली.

बसस्टँडवर तू मला मिठी मारलीस, पण आधी इकडेतिकडे बघितलंस. ते माझ्या लक्षात आलं होतं. मीच मनाला समजावलं, शहरातली माणसं अशीच बघत असतील.

मग तू जो सुटलास! मेट्रो काय, बाग काय, थिएटरसमोरची कारंजी काय. मेट्रोच्या फाटकात मी अडकले तेव्हा तू हसलास, अगदी लहानपणी हसायचास तसा, आणि माझा जीव सुपाएवढा झाला. त्या पाख्ताकोर स्टेशनच्या भिंतीवर चित्रात केवढा कापूस फुललाय! मी म्हटलं, "बरं आहे बाबा तुमचं, वाकायला नको, बोटं फाटायला नकोत." तू म्हणालास, "हळू बोल ना ओपा." मी हळू बोलले. नंतर बोललेच नाही म्हटलंस तरी चालेल.

तीनदा विचारलं तुला. "चल ना घरी, भावजयीचं तोंड तरी बघू दे. तिच्या हातचा चहा पिते आणि निघते." आधी म्हणालास, तिला बरं नाही. मग म्हणालास, घराला रंग लावतायत. तिसऱ्यांदा आइस्क्रीम घेऊन दिलंस. बहीण दारात आल्यावर तिला कँटीनमध्ये उभ्या उभ्या जेवायला घालायची रीत आपल्यात कधीपासून आली रे? भावजयीसाठी आणलेलं चेरीचं भांडं दिवसभर माझ्याच हातात राहिलं. संध्याकाळी चेरीचं पाणी झालं होतं.

आता कारंज्यापाशी काय झालं ते लिहिते. तुला माहीत आहे, तरी लिहिते.

ती गोरी बाई आली, निळी छत्री, सोबत छोटी मुलगी. "अहो तुर्गुन भाई, ह्या कोण?" आणि तू म्हणालास, "ह्या ना, एक ओपा. गावाकडून आल्यात. ऑफिसने सांगितलंय, शहर दाखवतोय."

एक ओपा!

खोटं नाही बोललास, तीच तर तुझी चलाखी. थोरल्या बहिणीला आपण ओपा म्हणतो आणि बाजारात मुळे विकणारीलाही ओपाच म्हणतो. दोघींना एकाच शब्दात बसवलंस आणि मला त्या दुसरीच्या बाजूला सरकवलंस. वर "आल्यात" म्हणालास. जन्मात कधी मला आदराने बोलला नाहीस, त्या दिवशी बोललास.

आणि ती बाई भलीच. माझा हात धरून म्हणाली, "चांगला माणूस मिळाला तुम्हाला. बिचाऱ्याला आई ना बाप, ना भाऊ ना बहीण. अनाथालयात वाढला, म्हणून सगळ्यांसाठी धावतो."

तू कारंज्याकडे बघत होतास. मी काय म्हटलं, ऐकलंस ना? म्हटलं, "हो बाई, भला माणूस आहे." तुझं नाक शाबूत ठेवलं मी, मेल्या. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईने तुझं नाव तुर्गुन ठेवलं, राहणारा. आणि तू त्या आईला जिवंतपणी मारून टाकलंस.

मी खूप रागावले आहे.

पण मीही साधी नाही. माझंही एक ऐक.

आई ठीक आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. मार्चातल्या नवरोजपासून ती अंथरुणात आहे. डॉक्टर म्हणाला, तुती पिकून संपेपर्यंत काढील, पुढचं सांगता येत नाही. रविवारी मी शहर बघायला आलेच नव्हते. पिशवीत तळाशी, आईच्या रुमालात बांधलेला, तुझा नान होता. सैन्यात जाताना दारात एक घास चावून गेलास ना, तोच. परत येऊन उरलेला खायचा म्हणून आईने तो खिळ्याला टांगला. दोन वर्षांनी सैन्यातून सुटलास तो थेट ताश्कंदला गेलास आणि नान भिंतीवरच राहिला. दर शुक्रवारी ती त्याच्यावरची धूळ पुसायची. शनिवारी रात्री म्हणाली, "होसियत, पोरगं नानाकडे येत नाही, तर नान पोराकडे जाऊ दे. त्याच्या घरी बस, चहात भिजव आणि खाऊ घाल. मग मी सुटले."

कारंज्यापर्यंत मी ठरवलेलंच होतं, तुझ्या दारात पाऊल टाकलं की काढायचा. त्यानंतर हातच उठेना. अनाथाला कुठल्या आईचा नान देऊ? बस सुटताना तू खिडकीशी आलास, "आईला सलाम सांग" म्हणालास, हळू आवाजात. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तू बसमध्ये चढला असतास कदाचित. मी बोलले नाही. माझा ताठा आडवा आला. ती चूक माझी.

गावात उतरल्यावर घरी गेले नाही. कालव्याच्या काठी बसले, नान पाण्यात भिजवला आणि खाल्ला. सगळा. दगड झाला होता, दाढ दुखतेय अजून. तुझ्या दातांची खूण होती तो तुकडा शेवटी राहिला. तोही मीच खाल्ला.

मी दारात पाऊल टाकताच आईने अंथरुणातूनच विचारलं, "खाल्ला?"

"खाल्ला."

"सगळा?"

"सगळा. आणि रडला सुद्धा."

तिने रुमाल हातात घेऊन उलटासुलटा केला, वास घेतला आणि म्हणाली, "आलं बाई माझं पोरगं परत. आता तो खिळा काढ भिंतीतला, उगाच कुणाचा हात लागेल." तुझ्या मेहुण्यांनी पक्कडीने काढला. त्या दिवसापासून ती शांत झोपते. तुझं नाव घेत नाही.

तेव्हा आता कुणी तुझी वाट बघत नाही. यायचंच असेल तर तुती संपायच्या आत ये. सव्वा तासाचा रस्ता आहे. फक्त आईसमोर नानाचा विषय काढू नकोस, तो तू खाल्लेला आहेस. आणि दारात कुणी विचारलं, "ह्या बाई कोण?" तर काय सांगायचं, ते येताना बसमध्ये ठरवून ये.

तुझी,
गावाकडची एक ओपा
होसियत