मल्हारच्या हातातली तलवार

इंदिरानगर, बंगळूर
५ जानेवारी २०२५

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी थंडी होती. कॉफी केली. वॉचमन मंजुनाथने तू पाठवलेली नमुन्याची छापील प्रत आणून दिली. दुपारपर्यंत वाचली. जेवण गेले नाही. किळस आली.

स्मिताच्या कादंबरीतला मल्हार दहा वर्षांचा. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात मराठी फौजेचे बैल राखतो. शेवटी प्रेतांतून वाट काढत, एक मरायला टेकलेला बैल घेऊन घरी जातो. प्रकाशकाने त्याच्या हाती तलवार दिली, तीन माणसे मारायला लावली. मुखपृष्ठावर पोर हसते आहे. त्यावर तुझे कुंकू सांडले आहे, म्हणजे रक्त आणखीच वाढले. खाली तिचे नाव! वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढे हे ठेवायचे? तू तिचा धाकटा भाऊ, वाचलेस तरी का?

तिचा शेवट ठेवा, नाहीतर तिचे नाव काढा.

सौ. भार्गवीस आशीर्वाद. लोभ आहेच, म्हणून एवढे लिहिले.

उल्हास

पुणे
११ जानेवारी

ती. दाजी यांस,
सा. न.

नव्हते वाचले. ताईचे पुस्तक म्हणून देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि तसेच तुम्हांला पाठवले. लाज वाटते.

काल आम्ही दोघे प्रकाशकांकडे गेलो. पळून येणारा नायक मुलांना चालत नाही म्हणाले. भार्गवीने लगेच विचारले, मग तुमचा मुलगा कधी निघतोय लढाईला? त्यांना ते आवडले नाही. आता हाच शेवट आणि ताईचे नाव, नाहीतर पुस्तक नाही, असे म्हणतात. दाजी, तिचे हे एकच पुस्तक. तुम्ही सांगाल तसे. रागावा, पण लिहीत राहा.

आपला,
श्रीरंग

बंगळूर
१९ जानेवारी

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक नको. तसे कळव.

आज तिच्या रविवारच्या मराठी वर्गातली मुले घरी बोलावली. ती प्रत्येक प्रकरण आधी त्यांना वाचून दाखवायची. शेवटचे राहिले होते, ते मी वाचले. मला कुठले जमतेय! समोरची आर्या कानडी मिसळून म्हणालीच, आजोबा, स्वल्प हळू, जरा हळू. बैल घरी पोचला का, एवढेच सगळ्यांनी विचारले. पोचला म्हणालो. तलवार कोणी मागितली नाही.

वर्षश्राद्धाला दोघे या. फोटोपुढे तिचे टाईप केलेले कागद ठेवू. या खेपेस आधी वाच, मग कुंकू वाहा.

मुले गेली. अवरेकाईचे, म्हणजे इकडच्या पावट्याचे, दाणे सकाळीच भिजवलेत. साले काढायला ती समोर बसायची. आता बसतो काढत.

उल्हास