साहेबांची स्थळपाहणी आणि नऊ नंबरचं घर

कागल रोड, कोल्हापूर
२० फेब्रुवारी २००३

ती. अक्का,

छबूचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, माझे गुडघे वगळून. तुझे गुडघे पुण्याच्या लिफ्टमुळं सुधारले असतील, असं धरून चालते. हे पत्र तुला तुझा धम्मपालच वाचून दाखवणार, म्हणून त्यालाही आशीर्वाद. (बाळा, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस.)

तुला सगळं ठाऊक आहे, पण धम्मपाल तेव्हा लहान होता, म्हणून थोडं मागचं लिहिते. आपण बावीस घरांनी हा माळ एकत्र घेतला, तेव्हा संस्थेचा एकच नियम केला होता: जमीन संस्थेची, घर राहणाऱ्याचं. जो राहायचा थांबेल त्यानं बांधकामाचा खर्च घेऊन घर परत द्यायचं, मग ते यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार. लोक तेव्हा आपल्याला हसले. आता हायवे मोठा होतोय, चारी बाजूला प्लॉटचे बोर्ड लागलेत, आणि फौंड्रीत राबणाऱ्या माणसाला या रस्त्यावर उभं राहायलाही जागा उरलेली नाही. आता कुणी हसत नाही. यादीत तीस नावं आहेत. पहिलं नाव बायडाबाईचं. हुपरीहून आणलेल्या पैंजणांच्या कड्या जोडत ती सात वर्षं भाड्याच्या पत्र्याखाली बसली आहे.

म्हणून आम्ही शेजारची सरकारी पड जमीन मागितली. अर्ज मीच लिहिला. गावात राबणाऱ्याला गावातच, त्याच्या मजुरीत परवडेल अशी जागा मिळावी आणि ती पुन्हा बाजारात जाऊ नये, असं त्यात चांगलं दोन पानं लिहिलं होतं. वर्षभर चपला झिजवल्यावर कचेरीतून पत्र आलं, की साहेब स्थळपाहणीला येणार.

इथून पुढं जे झालं त्यात माझाच हात जास्त आहे, अक्का. बैठकीत मी म्हटलं, साहेब पहिल्यांदा येतायत, नुसत्या चहावर कसं पाठवायचं? एवढंच म्हटलं. पण कोल्हापुरात हे वाक्य बोलायचं नसतं. आपले अध्यक्ष आकारामदादा लगेच म्हणाले, "पावणं कोरड्या तोंडानं गेलं तर कागलापत्तोर नाव निघंल." मग बोकड ठरलं. मग मांडव आला. मग कुणीतरी म्हणालं, साहेब घरात डोकावले तर? त्यावर ज्याच्या त्याच्या सासुरवाडीहून सामान यायला लागलं. सात नंबरमध्ये दोन सोफे बसवले, तेव्हा घरची माणसं बाहेर काढावी लागली. अकरा नंबरमध्ये फ्रीज आला (वीज नव्हती, पण साहेब उघडून थोडेच बघणार होते). साहेबांनी उघडून बघितला. आत त्या घरच्या म्हातारीनं घडी केलेली लुगडी ठेवली होती. ते म्हणाले, छान.

आपली आई आठव. पाहुणा आला की शेजारून साखर आणायची आणि स्वतः म्हणायची, मला गोड चालत नाही. आपण सगळे त्याच वळणाचे. पाहुण्यापुढं अडचण मांडायची नाही. आणि इथं तर पाहुणा खास अडचण बघायलाच आला होता, हे त्या दिवशी बावीस घरांत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, दोन पानी अर्ज लिहिणारीला.

साहेबांना फेटा बांधला. पांढरा रस्सा दोन वाट्या झाला, तांबडा तीन. घाम पुसत साहेब म्हणाले, "तुमचं माझ्यापेक्षा बरं चाललंय की." इथं यादीतल्या तीस नावांचं सांगायचं, असं मी आकारामदादांकडून चारदा पाठ करून घेतलं होतं. ते छाती काढून म्हणाले, "व्हय सायेब, हितं कशाचीच कमी न्हाय." मी टेबलाखालून पाय मारला. तो साहेबांना लागला.

मग मी बायडाबाईला बोलावलं. सकाळपासून चुलीपुढं तीच होती. रस्सा तिच्याच हातचा. तिला माझी इरकल नेसवली होती. साहेबांनी प्रेमानं विचारलं, "बाई, तुमचं घर कुठलं?" ती माझ्याकडं बघायला लागली. मग पदर सावरून तिनं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते काय, नऊ नंबरचं."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या हातात वाढायचा डाव होता, म्हणून मला वेळेवर बोलता आलं नाही.

नंतर भांडी घासताना मी तिला विचारलं, असं का म्हणालीस? ती म्हणाली, "जेवत्या माणसाला घर न्हाय म्हणून कसं सांगायचं, ताई? घास अडकला असता की त्याचा."

परवा कचेरीचं उत्तर आलं. सभासद सुस्थितीत आढळले. यादीतील प्रथम अर्जदारास घर असल्याचे दिसून आले. सबब मागणी विचारात घेता येत नाही. आकारामदादा दोन दिवस अंगणात आलेले नाहीत. बायडाबाई माझी इरकल धुऊन, घडी करून देऊन गेली.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
छबू

ता. क. डावाचं मी खोटं लिहिलं. मला बोलता आलं असतं. पण नऊ नंबर तिचं नाही असं म्हटलं असतं, तर मग कुणाचं, हे सांगावं लागलं असतं. चार वर्षं कुलूप असलेलं घर माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे आणि संस्थेची सेक्रेटरी मी आहे. त्या सकाळी साहेबांना कळू नये म्हणून तुझ्या दारात रांगोळी मीच काढली, दोरीवर दोन साड्याही वाळत घातल्या. दर बैठकीत मी सांगत आले, अक्का दिवाळीला येणार आहे. लोक मान हलवतात. बायडाबाईही हलवते.

ता. क. २ धम्मपाल, एजंट तुला फोन करतो हे मला माहीत आहे. ते घर विकता येत नाही, बाळा. तुझ्या बाबांनी विटा स्वतः लावल्या, हेही मला माहीत आहे. मी पाणी मारत होते. नियमाच्या कागदावर पहिली सही त्यांचीच आहे.

ता. क. ३ अक्का, सोबत घर परत देण्याचा फॉर्म आहे, फुली केली आहे तिथं सही कर. नोटीससुद्धा लिहायला घेतली होती. तिच्यात तुला श्रीमती म्हणावं लागतं आणि खाली, अन्यथा कारवाई करण्यात येईल, असं लिहावं लागतं. तिथपर्यंत तीनदा गेले आणि तीनदा कागद फाडला. चौथ्यांदा फाडणार नाही. त्याआधी तुझी सही येऊ दे.