सामना सुरू करायला या, मामंजी

ब्रॅकनशॉ, लँकेशायर
मंगळवार, ४ एप्रिल १९११

तीर्थरूप मामंजींना,

सेलिनाचा मनापासून नमस्कार. तुमचा खोकला आता निवळला असेल. इकडे आम्ही ठीक आहोत. छोटी ॲग्नेस तीन वर्षांची झाली. तिची हनुवटी थेट तुमची, असं तुमचा सेप म्हणतो. मी तुम्हाला एकदाच पाहिलं, तेही तुम्ही दार लावून घेताना, त्यामुळे मला काही सांगता येत नाही.

रागावू नका. मी गिरणीतली, फटकळच आहे.

आधीच्या पत्रांना तुमचं उत्तर नाही, म्हणून हे सगळं एकदाच लिहिते. फुटबॉलच्या चेंडूमागे धावून पगार घेणं म्हणजे खाणीतल्या माणसाच्या घामाची थट्टा, असं तुम्ही चॅपेलमध्ये, प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणालात, त्याला सात वर्षं झाली. त्या सात वर्षांत तुमच्या मुलाने काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. गोलांचे आकडे मी देत नाही, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल.

इथल्या क्लबकडून पहिल्यांदा खेळायला उतरला, तेव्हा त्याचे बाकदार पाय बघून लोक हसले होते. "अरे, ह्याला कोळशाच्या गाडीतून उतरवलाय का?" असं माझ्या शेजारचाच एकजण ओरडला. मध्यंतरापर्यंत सेपने दोन गोल केले आणि तोच बाबा टोपी उडवून ओरडू लागला. आमचे म्हातारे प्रशिक्षक म्हणाले, "हे पोरगं चेंडूकडे जात नाही गं, चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभं राहतं!" हे कुठे शिकलास, म्हणून मी लग्नानंतर विचारलं. तर म्हणाला, "खाणीत. बा सांगायचा, छत पडायच्या आधी बोलतं, कान दे. तेच करतो."

म्हणजे लोक ज्याला दैवी देणगी म्हणतात, ती तुमची आहे मामंजी. तुम्हाला हे ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ११ मार्चचं सांगते. कपचा सामना, समोर दांडगा संघ. दोघंजण सेपवर आदळले आणि तो पडला. बदली खेळाडू घ्यायची सोय नाही. त्यामुळे जखमी माणसाने कडेला जाऊन लंगडत उभं राहायचं, ही रीत. सेप तसा उभा राहिला. त्यांचा बचावपटू म्हणाला, "काय सेप रेन, खुर्ची मागवू का?" आणि त्याने सेपकडे पाठ फिरवली.

शेवटी शेवटी आमच्या पोरांनी लांबून चेंडू उडवला. पण चेंडू उडायच्या आधीच सेप निघाला होता! एका पायावर, उड्या मारत.  हा माणूस कुठे चाललाय तेच कुणाला कळेना. मग चेंडू उतरला तो नेमका त्याच्या कपाळावर, आणि तिथून जाळीत. मामंजी, माझ्या अंगावर अजून काटा येतो. देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि मी काही फार देवभोळी नाही.

मग जो गलका झाला, त्यात स्वतःचा आवाजही ऐकू येईना. पण मी मागावर वाढलेली. यंत्रांच्या खडखडाटात आम्ही बायका एकमेकींच्या ओठांवरूनच बोलणं ओळखतो. सेप आमच्या बाजूला तोंड करून चिखलात पडला होता. त्याचे ओठ मी स्पष्ट वाचले. तो म्हणत होता, "बा, बघितलंस का?"

हे मी त्यालाही सांगितलेलं नाही.

वर 'आम्ही ठीक आहोत' असं लिहिलं, ते खरं नाही. त्याचा गुडघा कायमचा गेला. जिना तो बसून उतरतो. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळणार नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी, १८ तारखेला, क्लब त्याच्यासाठी निरोपाचा खास सामना ठेवतोय. अशा सामन्यात पहिला चेंडू मानाच्या पाहुण्याने मारायचा असतो. महापौर तर नवी टोपी घेऊन तयारच होते. पण सेपने समितीला सांगून टाकलं, "माझा बा येतोय." गावभर लागलेल्या जाहिरातींवर तुमचं नाव छापलंय. तुम्हाला मात्र त्याने विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. हट्ट कुणाचा घेतलाय ते तुम्हीच ओळखा. तुम्ही आला नाहीत, तर सगळ्या गावासमोर मैदानाच्या मध्यावर तो एकटा उभा राहील. हे मला बघवणार नाही.

तुम्हाला फार काही करायचं नाही. चॅपेलला जाताना घालता तेच बूट चालतील. चेंडू हलकेच त्याच्याकडे ढकला. तो एकदा पुढे देईल, आणि आम्ही त्याला धरून बाहेर आणू. यानंतर त्याच्या पायाशी चेंडू येणार नाही. हा शेवटचा तुमच्याकडून यावा.

स्टेशनवर मी उभी असेन,

तुम्ही म्हणाल तर तुमची सून,
सेलिना