तुमची अहिराणी, माझी मराठी

आई,

मी तुमच्याशी अहिराणीत बोलले की तुम्ही मला मराठीत उत्तर द्यायचात. दर वेळी. भाजीत मीठ किती घालू इथपासून ते हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या दिवसांपर्यंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे कोडं मला सुटलेलं नाही, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच काहीतरी सांगतो. तुमचा मुलगा म्हणतो, तू फार विचार करतेस. पण तो तर भाजी आळणी झाली म्हटलं तरी हेच म्हणतो.

नव्वदच्या दशकात मी तुमच्या सिडकोतल्या घरात सून म्हणून आले, तेव्हा तुमचं सटाणा म्हणजे पिंपळगावच्या पुढे कुठेतरी, एवढीच माझी अक्कल होती. माझं माहेर पंचवटीतलं. अहिराणी मी ऐकली होती ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये. कुणीतरी डोक्याला पंचा गुंडाळून 'काय शे, कसं शे' करायचं आणि सगळी शाळा हसायची. मीही हसायचे. त्यात माझी नोकरी एका खाजगी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटरची. सावकाश, स्वच्छ आणि गोड बोलण्याचाच मला पगार मिळायचा. तुमच्या घरात दोन भाषा आहेत हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. ओट्याशी तुम्ही आणि ताई, म्हणजे तुमची जवळच दिलेली लेक, भराभर बोलत असायचात, खिदळत असायचात. मी पाणी घ्यायला आत आले की तुम्ही थांबायचात आणि एकेक शब्द वेचून विचारायचात, "तुला काही हवं आहे का?" नव्या सुनेला दुसरं काय वाटणार? मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललेलं असणार.

म्हणून मी ठरवलं, ही भाषा शिकायचीच. तुमच्या मुलाला शब्द विचारले तर तो म्हणे, "काय करायचंय तुला? नाशकात कोण बोलतं?" आणि पाच मिनिटांनी तुमच्याशी तीच बोलायला लागे. शेवटी मी त्याचा नाद सोडला. धुणं वाळत घालताना, तांदूळ निवडताना कान तुमच्या दोघींकडे ठेवला. हळूहळू उलगडायला लागलं. आणि सगळं कळायला लागल्यावर लक्षात आलं की तुम्ही माझ्याबद्दल बोलतच नव्हतात. गावाकडच्या म्हशीबद्दल बोलत होतात, ताईच्या दिराच्या घोरण्याबद्दल बोलत होतात. खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटलं. पण तोवर ती भाषा मला आवडायला लागली होती. तुम्ही अहिराणीत बोलताना वेगळ्याच दिसायचात. हात मोकळे व्हायचे, आवाज चढायचा, डोळ्यांत मिश्किलपणा यायचा. मराठीत तुम्ही नेहमी पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्यासारख्या वाटायचात. मला त्या दुसऱ्या आई हव्या होत्या.

आखाजीचा, आमच्या अक्षय्य तृतीयेचा, तो दिवस. ताई माहेरपणाला आलेली, गावाकडच्या चार बायका आलेल्या, आणि मागच्या अंगणात विटांची चूल मांडून तुम्ही पालथ्या खापरावर मांडे करताय. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत इतका मोठा करता की मला तो फाटेल याची धास्ती वाटते, आणि तुमचं मात्र त्याच्याकडे लक्षही नाही, तुमच्या गप्पा चालू. कपाळावरून घाम निथळतोय. मी पुढे होते आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, "माय, तू बठ ना. मी करस." ताईच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेलं, तसंच्या तसं. मग त्या बायका इतक्या हसल्या की एकीला ठसकाच लागला. वाईट हेतूने नाही, कौतुकानेच हसल्या असतील. पण तुम्ही हसला नाहीत. मांडा खापरावर टाकलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू असं नको बोलू. तुझं चांगलं आहे, ते बोल."

या एका वाक्याने मला किती वर्षं छळलंय. मी तुमची नक्कल करतेय, चेष्टा करतेय, असं वाटलं का तुम्हाला? गॅदरिंगमधल्या त्या पंचेवाल्यासारखी दिसले का मी? की सासूला 'तू' म्हटलं म्हणून राग आला? तुमची लेक तुम्हाला 'तू' म्हणायची, मला काय ठाऊक सुनेने कसं म्हणायचं. की ते फक्त तुमचं होतं, आणि मी विचारल्याशिवाय फडताळातून काढून घेतलं? मी हट्टी आहे, हे तुम्हाला माहीतच होतं. मी बोलत राहिले. तुम्हीही हट्टी. मी विचारणार अहिराणीत, तुम्ही सांगणार मराठीत. एकदा न राहवून मी म्हटलं, "मला येते ना आता. मग तुम्ही माझ्याशी का नाही बोलत?" तुम्ही कोथिंबीर निवडत होतात. म्हणालात, "बोलतेच आहे की तुझ्याशी." नात झाली, तिच्याशीही तुम्ही मराठीतच. घरात तिच्याशी अहिराणीत बोलणारी मी एकटी, आणि ती पोरगी मला म्हणायची, मम्मी, गावठी नको ना बोलूस. मी तिच्यावर चिडले, आणि तुम्ही तिची बाजू घेतलीत.

मग तो दवाखाना. तुमचे गुडघे दुखायला लागले होते आणि मी रजा टाकून तुम्हाला दाखवायला नेलं होतं. एरवी मुलगा सोबत असला की तोच सगळं सांगायचा आणि तुम्ही पदर सावरत गप्प बसायचात. मी तोंड उघडणार तोच तुम्ही सुरू झालात. "नमस्कार डॉक्टर. मला सकाळी उठताना उजव्या गुडघ्यात जास्त त्रास होतो. आपण बघता का?" सावकाश, स्वच्छ, गोड. मी थक्क. तो माझा आवाज होता, आई. माझा फोनवरचा आवाज, जसाच्या तसा. डॉक्टर काही लिहायला लागले तर तुम्ही म्हणालात, "एक मिनिट थांबा हं." मी खाली मान घालून हसू दाबत होते. बाहेर आल्यावर मी अहिराणीत म्हटलं की छान बोललात, तर तुम्ही नुसतं "रिक्षा बघ" म्हणालात. पण चालताना तुमची मान ताठ होती, ते मी पाहिलं.

त्याचा उलगडा ताईने केला, तुम्ही गेल्यावर. फार पूर्वी, तुम्ही नव्यानेच नाशकात आला होतात तेव्हा, एका दवाखान्यात तुम्ही अहिराणीत बोललात आणि तिथला कंपाउंडर सगळ्यांसमोर तुमची नक्कल करून हसला होता. तेव्हापासून घराबाहेर तुम्ही तोंड उघडत नव्हतात. "तुले माहीत नही?" ताई म्हणाली. "माय समदास्ले सांगे, मनी सून माले बोलाले शिकाडस." मी तुम्हाला शिकवत होते! आणि मला पत्ताही नाही. म्हणजे मी तुमच्याकडून शिकायला धडपडत होते आणि तुम्ही माझ्याकडून. एकमेकींच्या घरी पाहुण्या म्हणून निघालो, आणि दोन्ही घरांना कुलूप. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण माझा गोंधळ वाढलाच. मी अहिराणी बोलले की तुमचा सराव बुडायचा का? मी माझी चांगली मराठी तुमच्यापासून लपवतेय असं वाटायचं का? की सून म्हणून मी तुम्हाला आवडत होते ती फक्त त्या आवाजापुरती?

हॉस्पिटलात तर तुम्ही कमालच केलीत. तापात तुम्हाला धड शुद्ध नव्हती. मुलाशी अहिराणी, लेकीशी अहिराणी, नर्सशीसुद्धा अहिराणी. ती बिचारी केरळची. आणि मी जवळ आले की डोळे न उघडता, "तू जेवलीस का? वेळेवर जेवत जा." ग्लानीतही तुम्ही मला ओळखून भाषा बदलत होतात. तुमचा मुलगा म्हणाला, सवय. ताई म्हणाली, तो तुझा मान. मी जिन्यात जाऊन रडले, कारण मला मान नको होता. त्या खाटेवरून तुम्ही एकदा तरी मला ताईसारखं अहिराणीत ओरडायला हवं होतं.

पुढे दोनेक वर्षांनी तुमच्या माहेरी एक लग्न होतं. मी गेले. ताई आणि तुमचा मुलगा मांडवात अडकले होते, मी एकटीच गावातून फिरत होते. एका ओट्यावर अगदी म्हातारी बाई शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याशी बोलले, तुमच्याच भाषेत, आणि ती आपली सहज बोलू लागली. हसली नाही, मराठीवर आली नाही. ऊन, शेंगा, तिचे दात, सगळं सांगून झालं. मग डोळे बारीक करून म्हणाली, "तू कोनी आंडेर शे वं?" कुणाची लेक. सून आहे म्हणायला काय हरकत होती? मी तुमचं नाव सांगितलं, माहेरचं, आणि म्हटलं, "तिनी." तिची. तिने मला हात धरून खाली बसवलं, माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कितीतरी वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "नाक तिनंच शे."

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला हे चाललं असतं की नाही, तेही मला ठरवता येत नाही, आणि पत्र मराठीत लिहितेय ते तुम्हाला हीच पसंत होती म्हणून. ते कुठे जाणार नाही, हे मला माहीत आहे. माझं नाक माझ्या आईवर गेलंय, पंचवटीच्या, आणि तेव्हा ती हयात होती. पण मी त्या म्हातारीला हो म्हटलं.